'गेट'चे नऊ दिवस

१९७४ साली बेटावरच्या रिव्हिएर दू रांपार गावी बलराम मरायला टेकला होता, पण मरत नव्हता. डॉक्टरांनी दोन दिवस सांगितले होते. लंडनच्या इस्पितळात नर्स असलेला मुलगा प्रेम येईल आणि अग्नी देईल, यात त्याचा जीव अडकला होता.

तेवढ्यात प्रेमचं पत्र आलं, इंग्रजीत. गावात इंग्रजी पत्र नंदलाल गुरुजींशिवाय कुणी फोडत नसे. सगळ्यांचे अर्ज तेच लिहीत, म्हणून हा मान त्यांचा. खाटेशेजारी बसून गुरुजींनी पत्र मनात वाचलं, चष्मा पुसला आणि मग पहिल्याच वाक्यावर थांबले. तुमचं पत्र मिळालं, असं प्रेमने लिहिलं होतं.

"मिळालं, म्हणजे इंग्रजीत 'गेट'. हे क्रियापद नीट कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही."

त्या संध्याकाळी त्यांनी दूध मिळणं समजावलं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढणं, तिसऱ्या दिवशी राग येणं. बलरामची बायको चंद्रावती रोज चहा करी, पत्र तिथंच. बलराम मात्र डोळे उघडून ऐके आणि उद्याचा अर्थ कुठला, ते विचारून ठेवी.

पाचव्या दिवशी म्हातारं होणं झालं, तेव्हा पांपलमूसहून रोज येणारी त्याची बहीण राजलक्ष्मी भडकली.

"आयो, गुरुजी, ह्यो मेल्यावर सांगनार का पोरगा काय म्हंतो ते?"

तिने पत्र ओढून घेतलं आणि परतीच्या बसमध्ये कंडक्टरकडून वाचून घेतलं.

सहाव्या दिवशी आल्या आल्या तिने ते गुरुजींच्या मांडीवर ठेवलं, पदर सारखा केला आणि खाली बसली.

"एबें, बरं तर गुरुजी, आनखी कशाला वापरतात ते 'गेट'?"

बलरामने हळूच विचारलं, "घरी येनं पन त्यातच बसतं का?"

"बसतं," गुरुजी म्हणाले. "ते शेवटी घेऊ."

नवव्या दिवशी लग्न होणं चाललं होतं. बलराम बायकोकडे बघून हसला आणि गेला. अग्नी राजलक्ष्मीच्या मुलाने दिला.

प्रेमला रजा मिळाली नव्हती. रजा मिळण्यालाही तेच क्रियापद लागतं, हे तेवढं गुरुजींनी सांगितलं नाही.

प्रेम तीन वर्षांनी आला, पंधरा दिवस राहिला आणि परत गेला तो कायमचा. एका ओळीला नऊ दिवस लावणारा मास्तर म्हणून राजलक्ष्मी मरेपर्यंत गुरुजींची टिंगल करी, आणि नातवंडं त्यांच्याकडेच शिकायला पाठवी. गुरुजी निवृत्त होऊन क्वात्र बॉर्नला मुलीकडे गेले. निघताना चंद्रावतीकडे निरोपाचा चहा घ्यायला आले आणि पत्राबद्दल काही सांगावं म्हणून चाचरू लागले.

"राहू दे, गुरुजी," ती म्हणाली. "तुमी पैल्या दिवशी चष्मा पुसलात ना, तवाच वाचलं मी."