पगारेभाऊंचं मन उशिरा धावतंय

रोज सकाळी समोरच्या गॅलरीत पगारेभाऊ येतात, स्टीलचा पेला तोंडाला लावतात आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं सांगतात, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. पगारे यांचे मन घोटीमार्गे इगतपुरीला गेले आहे. परत येईपर्यंत कोणीही निर्णय मागू नयेत."

आयुष्यभर बसस्थानकावर गाड्या पुकारल्या. रिटायर झाले, माइक सुटला, पण तोंड कुठे थांबतंय! आता मन पुकारतात. "वहिनी, मन म्हणजे लालपरीच. पाटी एका गावाची, जाते भलतीकडेच." काय बोलणार अशा माणसाशी?

आणि लोकही कमाल! भाजीवाली खालून ओरडते, "भाऊ, मन लागलं का फलाटाला? मेथी देऊ?" पाण्याच्या टाकीसाठी त्यांचं मत हवं होतं, तर म्हणाले, "मन घाटात बंद पडलंय." आमच्या येड्या सोसायटीनं चक्क मीटिंग पुढे ढकलली! त्या दिवशी मात्र मी हात टेकले आणि त्यांच्या मुलीला, सुजाताला, देवळाली कॅम्पला फोन केला. म्हटलं, बाई, वडिलांकडे बघ जरा.

पोरगी घाबरलीच. दर रविवारी यायला लागली. डबा आणायची, त्यांच्या डोक्याला तेल घालायची, पलंगाखालचा केर काढायची. पण रविवारी पुकारा दुप्पट व्हायचा! शेवटी तिनं मनाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. नेमकी तिला सुट्टी मिळेना. "काकू, तुम्ही न्याल का?" म्हणाली. आली का माझ्याच गळ्यात!

डॉक्टरांनी विचारलं, "मन आत्ता कुठे आहे?"

"इथेच. कुठे जाणार? मन काय खरोखर गाडी आहे का, साहेब?"

डॉक्टर हसले. बराच वेळ बोलले, मग मला म्हणाले, "ठणठणीत आहेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर येऊन रिक्षा शोधता शोधता मी सुरूच झाले, "लाज नाही वाटत, भाऊ? ती पोर काळजीनं अर्धी झालीय!"

ते थांबले. पुकारायचा आवाज कुठच्या कुठे गेला होता.

"वहिनी, सुरुवात गंमत म्हणूनच केली. घरात बोलायला कोण आहे? पण तुम्ही फोन केला आणि ती यायला लागली. आधी सणालाच यायची, तेही उभ्या उभ्या. मी बरा आहे असं कळलं, तर..."

मला भडभडून आलं. तेवढ्यात फोन वाजला. सुजाताच.

"काकू, काय म्हणाले डॉक्टर?"

भाऊ माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघत उभे होते. हातातल्या पिशवीचे बंद नुसते पिळत होते.

"अगं, अवघड आहे," मी म्हटलं. "औषध एकच आहे. रविवार चुकवू नकोस."