न मेलेल्यांची हजेरी

श्रीधन्वंतरी साक्ष. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, राज्याच्या अतिदक्षता महाली जे वर्तमान जाहले ते ऐसे. महालाचा अधिकार वैद्य सगुणाबाई पारसनीस यांजकडे होता. बाई अनुभवे थोर, आणि बोलणे थोडके, आणि थकवा जुन्या वस्त्रासारखा अंगास बसलेला. महाली येत ते मरणाच्या उंबऱ्यावरून परतविलेले. त्यांच्या मानेत औषधाची नळी असे, आणि त्या नळीवाटेच परक्याच्या हातावरील विष रक्तात उतरे, आणि आपल्या दुखण्यातून वाचलेला मनुष्य महालाच्या दुखण्याने जाई. म्हणोन बाईंनी दारी हातपाहारा बसविला, की वैद्य येवो, सरदार येवो, प्रत्यक्ष स्वामी येवोत, हात धुतल्यावाचून कोणी बिछान्यापाशी जाऊ नये. मग वर्षभर नळीच्या विषाने एक जीव गेला नाही. म्हाळसाबाई तांबट म्हणोन एक रोगी बरी होत आली होती, ती बाईंस म्हणे, "तुमच्या पाहारेकऱ्याने आमच्या धन्याचे हात इतके धुवविले की जन्माचा तांब्याचा रंग गेला. आता घरी ओळखू कैसा?" आणि बाई क्वचित हसत, त्या तेव्हा हसल्या.

पुढे दसरा समीप आला, आणि फडणीस हरबाजीपंत खर्च पाहावयास बैसले, आणि बोलिले, "बाई, वर्ष लोटले, शत्रू दृष्टीस नाही. पाहारा कोणावर करिता? भिंतीवर?" बाई बोलिल्या, "पाहारा आहे म्हणोन दिसला नाही." पंत हसोन म्हणाले, "बहुत उत्तम. तर जे मेले नाहीत त्यांस हजेरीस उभे करा. मोजितो, आणि तितका पगार देतो." बाई म्हणाल्या, "ते आपापल्या घरी जेवीत असतील, पंत. आपण वाचलो हे त्यांसही ठाऊक नाही." आणि आणखी एक गोष्ट होती, जी दरबारी कोणी उच्चारीत नसे: विष चढलेला रोगी महाली अधिक राही, आणि जालीम औषधे सरकारी कोठारातून घेई, आणि त्याचे मोल घरचे भरीत. पाहाऱ्याचा पगार खजिन्यातून जाई. विषाचा पैका खजिन्यात येई. मग ठराव जाहला की पाहारा मोडावा, आणि बाईंनी यश संपादिले म्हणोन स्वामींनी त्यांस महालातच शालश्रीफळ द्यावे.

दसऱ्याचे दिवशी स्वामी आले, आणि सरदार आले, आणि सनई आली, आणि आपट्याचे सोने या हातातून त्या हाती फिरले, आणि रोग्यांच्याही मुठीत ठेविले. म्हाळसाबाईची नळी दुसरे दिवशी काढावयाची होती. ती उशीखाली दबलेली पाहोन पंतांनी मायेने आपल्या हाताने सरळ केली, आणि म्हणाले, "सोन्यासारख्या राहा, आई." बाईंच्या खांद्यावर शाल, दोही हाती नारळ, "हात धुवा" हा शब्द ओठापर्यंत आला, आणि सनई वाजत होती, आणि शब्द तेथेच राहिला. मग म्हाळसाबाईस थंडी वाजोन ताप भरला, आणि रक्त विषारले, आणि औषधावर औषध चढले, आणि तांबटाने आधी ऐरण विकली आणि मग भाता. दिवाळीचे दिवे लागण्यापूर्वी ती गेली. तांबट बाईंपुढे उभा राहिला, आणि आपले स्वच्छ पांढरे तळवे पुढे करोन इतकेच बोलिला, "बाई, आम्ही धुतले होते."

मग पंत आले, आणि मान खाली घालोन म्हणाले, "महालास यंदा नफा आहे. आणि आता पाहाऱ्यासही मंजुरी आहे. मेलेले मोजिता येतात." पाहारा पुनश्च बसला, आणि विष पुनश्च थांबले. विश्वावसु संवत्सरी पुन्हा दसरा आला, आणि पंत नवी शाल घेवोन दारी आले, आणि सवयीने बोलिले, "बाई, वर्ष लोटले, शत्रू दृष्टीस..." आणि म्हाळसाबाई जेथे होती त्या बिछान्याकडे त्यांची नजर गेली. बाईंनी शाल घेतली नाही. पाण्याकडे बोट दाखविले, आणि पंत हात धुवोन होईतो त्या दारात उभ्या राहिल्या.

तात्पर्य, जे घडले त्यास खजिना आहे; जे टळले त्यास एक थकलेली बाई. इतके लिहोन लेखणी धुतली.