रखमाचे कोरडे हात

रखमाने यंत्रावर अंगठा ठेवला. लाल दिवा लागला. लुगड्याला पुसून पुन्हा ठेवला, तरी लालच. मग बँकेतल्या नम्रता मॅडमनी एकेक करत तिची दहाही बोटं ठेवून पाहिली.

"मावशी, तुमच्या बोटांवर रेषाच उरल्या नाहीत हो."

"कशा उरतील? तीस वर्सं बर्फात हात हाय माजे. बोंबील, कोलंबी, खेकडे... सगल्यांनी थोड्या थोड्या नेल्या."

रांगेतले लोक हसले. रखमाही हसली, पण खुर्चीवरून उठली नाही. प्रभादेवीच्या मंडईत तिची बसायची जागा या बँकेच्या बरोबर समोर. काचेचं दार उघडलं की गार वारा तिच्या पाटीपर्यंत यायचा. आत खुर्चीत बसलेल्या बायका दिसायच्या, त्यांची नावं पुकारली जायची. रखमाच्या नावाचं मात्र कुठे काहीच नव्हतं. घर, खातं, लाईटबिल, सगळं नवऱ्याच्या, चंदूच्या नावावर.

आता बँकेने मासळी विकणाऱ्या बायकांना सौरपेटीसाठी कर्ज द्यायचं काढलं होतं. उन्हावर चालणारी, मासळी गार ठेवणारी पेटी. थर्माकोल नको, वितळणारा बर्फ नको, दुपारी उरलेला माल पडेल भावात काढणं नको. अट एकच, खातं बाईच्या स्वतःच्या नावाचं हवं.

"आठ दिवस हात पाण्यात घालू नका," नम्रता मॅडम म्हणाल्या. "खोबरेल लावा. रेषा परत येतात."

"आन् धंदा?"

"मी बसतो की," तिच्या खुर्चीमागे उभा असलेला चंदू म्हणाला. एका कचेरीतून तो शिपाई म्हणून निवृत्त झाला होता. "मासली काय उलटून बोलते थोडीच?"

मासळी बोलली नाही. गिऱ्हाइकं बोलली.

इकडे घरी सून किर्ती रखमाला चहाची कपबशीसुद्धा विसळू देईना. "आई, हात वर!" एवढंच तिचं चालू. रखमा दारात बसून तळहात चोळायची आणि मधूनच हुंगून बघायची. "किर्ते, खोबऱ्याचा वास येते गो. हे हात माजे वाटतच नाय."

तिसऱ्या दिवशी तिला राहवेना. डोक्यावरून पदर घेऊन ती मंडईसमोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिली. चंदू हातात सुरमई धरून एका बाईंना विचारत होता, "तुम्हीच सांगा, ताजी आहे का?"

"छे! कालची वाटते."

"असं? मग निम्म्यात न्या."

रखमाचा हात आपोआप पुढे झाला. तिने दोन्ही हात काखेत दाबले, डोळे पुसायलाही बाहेर काढले नाहीत, आणि तशीच घरी परतली. उरलेले पाच दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक.

नवव्या दिवशी सकाळी अंगठा टेकवला मात्र, हिरवा दिवा लागला! दहा मिनिटांनी मॅडमनी हाक मारली, "श्रीमती रखमा वैती!" ही कोण म्हणून रखमाने आधी मागे वळून पाहिलं.

"झालं खातं. आता कर्जाला जामीनदार हवा. काका, तुमचा अंगठा?"

चंदूने ऐटीत अंगठा टेकवला. लाल. दुसरा टेकवला. लाल. मॅडमनी त्याचा तळवा उलटा करून पाहिला. कोयत्याचे काप, खवल्यांचे ओरखडे, बर्फाने सोललेली कातडी.

"आठ दिवसांत?" चंदू आपल्याच हाताकडे बघत म्हणाला. "रखमा, तू तर तीस वर्सं..."

मॅडम हळूच म्हणाल्या, "काका, आता आठ दिवस तुम्ही—"

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत रखमाने पदर खोचला होता. ती काचेचं दार ढकलून रस्ता ओलांडून गेली आणि पाटीतल्या बर्फात तिने कोपरापर्यंत हात खुपसले. गारवा खांद्यापर्यंत चढला. तिने डोळे मिटून घेतले.

"मावशी! होता कुठे इतके दिवस?" एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं.

"बँकेत," रखमा म्हणाली आणि तिने सुरमई उचलली.