पाव तासात सुकवून देतो

यंत्राच्या कामात माझा हात धरणारा अख्ख्या उस्मानाबाद जिल्ह्यात कुणी नव्हता! हे मीच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगायला तयार न्हाय. निजामाच्या राज्यात, पोलिस ॲक्शनच्या चार-पाच वर्षं आधी, पाच ठिकाणी म्या मिस्त्रीकी केली आणि पाचही ठिकाणांहून मला काढलं. एका पिठाच्या गिरणीत चाकाचा वेग जरासा वाढवला, तर पीठ पोत्यात पडायचं सोडून शेजारच्या गल्लीत पडाया लागलं. आता गल्ली इतकी जवळ बांधली, ही माझी चूक हाय का?

बायकोला मात्र हे पटंना. विठाबाई तिचं नाव. चैत्रात ती भूमला माहेरी निघून गेली. भांडली न्हाय, रडली न्हाय. पिशवी भरली आणि म्हणाली, "दर सहा महिन्याला चूल उचलून माझे हात दुखाया लागले. तुमी एका जागी कायमचे टिकला की गाडी पाठवा. तवर मी येत न्हाय."

तिचं काय चुकलं? कायबी न्हाय. पण घर नुसतं खायाला उठायचं. भाकरी थापायला बसलो की पीठ हाताला आणि हात पिठाला. गप्पा मारायला कुणी न्हाय, आणि मला तर गप्पा मारल्याबिगर जेवण जात न्हाय. लई आठवण यायची तिची. खोटं कशाला बोलू?

अशात कळंबला शरणबसप्पा मालकांच्या तेलाच्या गिरणीत काम मिळालं. त्या साली दिवाळीच्या तोंडाला पावसानं धरलं ते सोडंचना. शेतातून भुईमुगाच्या शेंगा येत्यात त्या ओल्याचिंब. अंगणात पसरावं तर ऊन न्हाय, पोत्यात ठेवावं तर बुरशी. मालक डोक्याला हात लावून बसलेले. म्या म्हणलं, "मालक, ऊन नसलं म्हणून काय झालं? म्या करतो ऊन!"

आणि केलं! विटांचं लांबलचक भुयार बांधलं, तीस हात. खाली शेंगांच्या टरफलांचा जाळ. भुयारातून लोखंडी जाळीचा पट्टा आपोआप सरकत जायचा, इंजिनावर. ह्या तोंडाला ओल्या शेंगा टाका, पाव तासात त्या तोंडाला वाळून खडखडीत! आणि खरी अक्कल तर पुढंच होती. पट्टा संपला की शेंगा एका बंद लोखंडी पेटीतून थेट शेंगफोडीच्या यंत्रात पडायच्या. तिथं टरफल एकीकडं, दाणा एकीकडं. सुरुवातीपासून शेवटापर्यंत माणसाचा हात म्हणून लागायचा न्हाय. सोळा बोल्टांनी म्या ती पेटी अशी आवळली होती की मुंगीला सुदीक आत जाता येऊ नये.

पण अव्वल तालुकदारांच्या इजाजतीबिगर भट्टी चालवता येत न्हवती. अव्वल तालुकदार म्हणजे आताचे कलेक्टर समजा. ते स्वतः बघायला येणार असं ठरलं. मालक मला म्हणाले, "मिस्त्री, साहेब खूश होऊन इजाजत देऊन गेले तर तुमी हितं कायमचे, राहायला खोली सुदीक देतो. न्हायतर त्याच दिवशी तुमी तुमचा रस्ता धरायचा."

मला तर भट्टीचा इतका भरवसा की साहेब येणार त्याच दिवशी ती हितं पोचावी अशा बेतानं म्या भूमला गाडी पाठवून दिली. सोबत निरोप दिला की कायमचा टिकलो, चूल घेऊन ये. टिकायला अजून चार दिवस होते, पण तेवढं पुढं-मागं व्हायचंच.

आता इंजिनावर होता फकीर. माणूस शब्दाचा लई पक्का. साहेब यायच्या आदल्या दिवशी भट्टी चालवून बघितली, तर जरा धूर निघाला की कुणीतरी ओरडायचं, "बंद कर!" मालक ओरडले, हमाल ओरडले, चार वेळा तर मीच ओरडलो. दर वेळी फकीरनं इंजिन बंद केलं. शेवटी म्या त्याला ताकीद दिली. "उद्या साहेबांपुढं असला तमाशा नको. कुणीबी सांगू दे, मालक सांगू दे, मी जरी पाया पडून सांगितलं तरी इंजिन बंद करायचं न्हाय. लाल रुमी टोपीवाले तालुकदारसाहेब स्वतः समोर येऊन हात वर करतील, तेव्हाच बंद."

"जी," फकीर म्हणाला. तो जास्त बोलायचा न्हाय.

दुसऱ्या दिवशी गिरणीत जत्रा जमली. पताका, सतरंज्या, फुलांचे हार. सकाळपासून इंजिन धडधडत होतं, शेंगा वाळून फुटत होत्या. बायकांच्या घोळक्यात डोक्यावर टोपलं घेऊन विठाबाई उभी! शेजारी तिचे वडील. माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटलं. ती माझ्याकडं बघून हसली न्हाय, पण तोंडही फिरवलं न्हाय. आठ महिन्यांनी तेवढं लई झालं.

आणि साहेबांची मोटार आली ती ढकलतच! वाटेत ओढ्याला पाणी होतं, मोटार मधोमध बंद पडली आणि साहेब उतरताना पाय घसरून पार पाण्यात बसले. सामानाच्या पेटीत दुसरी शेरवानी होती, ती त्यांनी मालकांच्या खोलीत बदलली. पण टोपी एकच! लाल, उंच, काळ्या गोंड्याची, आणि पिळली तर तांब्याभर पाणी निघावं अशी.

आता तुमाला त्या काळची रीत सांगतो. हुजुरांपुढं उघड्या डोक्यानं जाणं म्हणजे बेअदबी. आणि हुजुरांनीच उघड्या डोक्यानं लोकांत येणं, हे तर कुणी ऐकलेलंच न्हवतं. साहेब खोलीत बसले, दार लावलं, आणि त्यांचे पेशकार, म्हणजे कारकून, मुनवरसाहेब ओली टोपी दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आले. आता काय करावं, सगळेच एकमेकांकडं बघाया लागले.

म्या पुढं झालो. कुणी बोलावलं न्हवतं, तरी झालो. "द्या हिकडं. पाव तासात सुकवून देतो!"

मालकांनी मान डोलावली. टोपी म्या पट्ट्यावर शेंगांच्या मधोमध ठेवली. ती डौलात भुयारात शिरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विठाबाईनं वडिलांच्या कानात कायतरी सांगितलं आणि म्हाताऱ्यानं पहिल्यांदाच माझ्याकडं बऱ्या नजरेनं बघितलं.

मग मी त्या तोंडाला गेलो, टोपी घ्यायला. आणि तिथं समोर ती बंद पेटी!

माणसाचा हात म्हणून लागायचा न्हाय! टोपी भट्टीतून निघणार, पेटीतून थेट शेंगफोडीच्या यंत्रात पडणार, आणि टरफल एकीकडं, गोंडा एकीकडं!

पाना घेऊन बोल्ट ढिले कराया गेलो तर पेटी तव्यासारखी तापलेली, त्यात थडथड हलणारी. दोन बोटं भाजली. तसाच पळत फकीरकडं. "फकीर, बंद कर!"

"न्हाय मिस्त्री," फकीर शांतपणे म्हणाला. "तुमी सांगितलं तरी करायचं न्हाय, असं तुमीच सांगितलंय."

"आरं, ते कालचं होतं!"

"काल तुमी म्हणलं होतं की उद्या मी असंच म्हणीन."

म्या त्याच्या पाया पडलो. तो म्हणाला, "पाया पडण्याचंही तुमी बोलला होता." मालक धावत आले, त्यांनी दम भरला. फकीरनं त्यांना सलाम केला आणि सांगितलं की मालकांचंही नाव यादीत हाय. मी इंजिनाकडं हात नेला तर तेल द्यायची लांब बुधली घेऊन तो मधी उभा राहिला. असा इमानी माणूस मला पुन्हा भेटला न्हाय, आणि भेटूही नये.

म्हणजे साहेबच बाहेर आले तर टोपी वाचणार, आणि टोपी आल्याबिगर साहेब बाहेर येणार न्हाईत!

मालकांच्या खोलीकडं पळालो. दाराशी पेशकार. म्या डोक्याचा पटका सोडला, म्हणलं, हा साहेबांना बांधतो, तेवढं बाहेर येऊन हात वर करू द्या. पेशकारांनी मला आडवलं. पटका हातात, म्हणजे माझं डोकं उघडं. उघड्या डोक्यानं आत जायचं न्हाय. मालकांकडं बघितलं, तर त्यांनी आपल्या डोक्याचा रुमाल दोन्ही हातांनी घट्ट धरला. जमलेल्या समद्यांनी तसंच केलं. कुणाचं डोकं कोण देतो?

तेवढ्यात मागून विठाबाई आली. तिनं टोपलं खाली ठेवलं, टोपल्याखाली डोक्यावर घेतलेली कापडाची गोल चुंबळ काढली, पदराचा काठ सारखा केला आणि चुंबळ माझ्यापुढं धरली. "घ्या. ठेवा डोक्यावर. आणि आत जावा."

आठ महिन्यांनी माझ्याशी बोललेले हे तिचे पहिले शब्द! म्या चुंबळ डोक्यावर ठेवली. मधल्या भोकातून माझी शेंडी वर आली. पेशकार माझ्याभोवती एक फेरी मारून आले, लई वेळ विचार केला, आणि बाजूला झाले.

साहेबांना म्या काय सांगितलं ते मला आठवत न्हाय. पण पटका बांधला, हे आठवतं. हुजुरांच्या डोक्याला हात लावणारा कळंबमधला मीच पहिला. घाईत जसा मला येतो तसा बांधला, शेमला पाठीवर सोडून. आरशात बघून साहेब एवढंच म्हणाले, "ये क्या बना दिया?" म्या म्हणलं, हुजूर, चला, वेळ न्हाय.

साहेब इंजिनासमोर आले आणि हात वर केला. फकीरनं त्यांच्याकडं बघितलं आणि मान हलवली. "पाटील, बाजूला व्हा. तालुकदारसाहेब यायचे हाईत."

मग साहेब असे ओरडले की पताका हलल्या. आवाजावरून फकीरला पटलं असावं. त्यानं सलाम ठोकला आणि इंजिन बंद केलं.

सगळं शांत झालं. म्या आनंदानं हात जोडले. वाचली टोपी! मग मला वास आला.

पट्टा थांबला होता, पण जाळ कुठं थांबला होता? भट्टीच्या बाजूला बघायला एक भोक ठेवलेलं. त्यातून डोकावलो, तर टोपी बरोबर मधोमध, सगळ्यात मोठ्या जाळावर, निवांत उभी. गोंड्यातून धूर निघत होता.

"फकीर, चालू कर!"

"साहेबांनी सांगितलं तर," फकीर म्हणाला.

साहेबांनी पुन्हा हात वर केला. चार हमाल चाक फिरवून इंजिन चालू कराया लागले. तेवढ्या वेळात ओल्या पोत्यानं धरून म्या सोळाच्या सोळा बोल्ट काढले आणि पेटी उघडी केली. पट्टा सरकला. खरपूस भाजलेल्या शेंगा आल्या, आणि त्यांच्या मधोमध साहेबांची टोपी आली.

कोरडी? अगदी खडखडीत! भट्टीनं आपलं काम चोख केलं होतं. फक्त टोपी आखडून वाटीएवढी झाली होती. गोंडा न्हवता.

म्या ती दोन्ही हातांवर धरून साहेबांपुढं उभा राहिलो. डोक्यावर चुंबळ. माझ्या मनात एकच, की आता विठाबाईला परत भूमला सोडायची गाडी मलाच सांगावी लागणार. तिच्याकडं बघायची हिंमत झाली न्हाय. रडू येत होतं, खरंच सांगतो.

साहेबांनी टोपी मुठीवर बसवून बघितली आणि मला परत दिली. मग एक शेंग उचलली, फोडली, खाल्ली. दुसरी खाल्ली. पेशकारांना बोलावून कायतरी लिहून घेतलं, सही केली आणि पटका तसाच ठेवून मोटारीत जाऊन बसले. तो पटका उस्मानाबादला गेला तो गेलाच.

पेशकारांनी हुकूम उर्दूत वाचला आणि मग मराठीत सांगितला. भट्टी शेंगा उत्तम सुकवते, तिला इजाजत हाय. पुढं त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"हा मिस्त्री बाकी रयतेच्या मालाला धोक्याचा हाय. म्हणून याला ह्या गिरणीतून काढू नये आणि जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात जाऊ देऊ नये. तहहयात!"

मालक मटकन खाली बसले. मी अजून उभाच होतो. विठाबाई पुढं आली, पेशकारांना विचारलं, "तहहयात म्हंजे किती?"

"मरेपर्यंत, बाई."

"म्हंजे कायमचं?"

"कायमचं."

तिनं टोपलं उचललं आणि मला म्हणाली, "चला. खोली कुठं हाय ते दावा." आणि वळताना हसली! आठ महिने जे बघायला मी तरसलो होतो, ते असं चुंबळ डोक्यावर असताना बघायला मिळालं.

पुढं निजाम गेला, तालुकदार गेले, पण तो हुकूम रद्द करायचं कुणाच्या ध्यानात आलं न्हाय. एकाच जागी तीस वर्षं काढली म्या! ती टोपी आमच्या थोरल्याच्या बारशाला अगदी मापात बसली. भट्टी शेवटपर्यंत झकास चालली, गावोगावच्या शेंगा म्या सुकवून दिल्या.

फक्त विठाबाईचं कायबी सुकवाया मिळालं न्हाय. ढगाळ हवेत तिचे पापड आठ-आठ दिवस ओले राहतात, दर वेळी म्या म्हणतो, "दे हिकडं, पाव तासात सुकवून देतो." ती खुंटीवरची चुंबळ काढून माझ्यापुढं ठेवती.