फय्याज खानसामा स्वित्झर्लंडला निघाला

मेडशीच्या डाकबंगल्यात उतरलेला इंग्रज साहेब जाताना चित्रांचं एक पुस्तक विसरून गेला आणि खानसामा फय्याजचं कामातलं लक्षच उडालं. पुस्तक स्वित्झर्लंडचं होतं. निळंशार तळं, बर्फाचे डोंगर, डोंगर चढणारी आगगाडी, गळ्यात तांब्याएवढी घंटा बांधलेली गाय. पंचवीस वर्षं त्यानं साहेबलोकांना अंडी तळून घातली, पण स्वतः कधी अकोल्याच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं. चैताच्या उन्हात चूल फुंकताना तो त्या तळ्याकडे असा काही बघायचा, की तव्यावरची पोळी बायकोला, अमीनाबीला उलटावी लागायची.

पुस्तकाच्या शेवटी एक चिठ्ठी होती. नाव-पत्ता भरून लंडनला धाडा, सहलीची माहिती फुकट पाठवू. इंद्रभान मास्तरांनी ती भरून दिली.

"किती मानसं लिवू?"

"दोघं लिवा. अमीना एकटी कशी राहीन?"

दोन महिन्यांनी लंडनचा जाडजूड लखोटा आला. डाकवाल्या पुंजाजीनं तो द्यायच्या आधी घरोघर दाखवला. दिवस मावळायच्या आत गावभर झालं, फय्याज बोटीनं चालला!

आता गावची रीत अशी, की माणूस काशीला निघो नाहीतर मक्केला, लांबच्या वाटेला लागणाऱ्याला घरोघर जेवू घालायचं आणि जुनं भांडण मिटवायचं. मारोतराव पाटील एका कोंबडीवरून सात वर्षं फय्याजशी बोलत नव्हते. त्यांनीच पहिलं पान वाढलं.

"पोटभर खाय. तिकडं पुरनपोई भेटनार नाई. अन् त्या कोंबडीचं मनात ठेवू नोको, बाप्पा."

नुसती माहितीच मागवली होती, हे खरं सांगायला फय्याजनं तोंड उघडलं, तर त्यात दुसरी पोळी गेली.

मग रांगच लागली. रंगूबाईनं वाटेसाठी पापड बांधून दिले, तुळसाबाईनं गाईची घंटा आणायला सांगितली, पुंजाजीनं बर्फासाठी झाकणाचा डबाच दिला. बारा घरं जेवून झाल्यावर गावात राहायला तोंड उरलं नाही.

"आता काय करू, अमीना?"

"गावाचं खाल्लं, आता जा लागते. चला, अकोल्याले माह्या बहिनीकडं."

हार घालून गावानं दोघांना मोटारीत बसवलं. मोटार हलली तेव्हा फय्याजला क्षणभर खरंच वाटलं, आपण त्या तळ्याकडेच चाललोय. त्याचे डोळे भरून आले.

महिनाभर मेहुणीच्या घरात तोंड लपवून तो अमीनाबीसह परतला, तर अख्खं गाव मोटारीपाशी उभं. त्यानं हात जोडले.

"माफ करा. मी गेलतोच नाई. अकोल्यालेच होतो."

मारोतराव मिशीत हसले. "आमाले मालूम होतं. मास्तरानं पयल्याच दिवशी सांगतलं."

"मंग मले जेवू काहून घातलं?"

मारोतराव रस्त्याकडे बघत राहिले. "अरे, या गावातून इतक्या दूर आजलोक कोनी गेलंच नाई. कोनाले तरी पोचवाचं होतं आमाले." मग दटावून म्हणाले, "आता बस, अन् सांग. कसं होतं तिकडं?"

फय्याज ट्रंकेवर बसला. पुस्तक उघडायची त्याला गरज नव्हती.

"पानी एवढं निळं," तो म्हणाला, "का हात घालाले भेव वाटे."

कोणी हसलं नाही. एकेक करून सगळे खाली बसले. पदर सावरून अमीनाबीही बसली.

"अन् गाईची घंटी?" तुळसाबाईनं हळूच विचारलं. "कशी वाजे, भाऊ?"