नानांची विचार करायची खुर्ची

आमच्या वरच्या मजल्यावरचे चौधरी नाना कॉम्प्युटर सायन्सचे प्रोफेसर आहेत आणि त्यांच्या घरात कॉम्प्युटर नाही. जळगावात हे कुणाला पटत नाही. जो तो बिघडलेला लॅपटॉप घेऊन त्यांच्या दारात उभा. माझी बायको सुमनही एकदा गेली. नानांनी झाकणसुद्धा उघडलं नाही. "वहिनी, हा चालू कसा करायचा हा प्रश्न किरकोळ. तो कधीतरी चालू होईल की नाही, हे आधीच ठरवता येतं का, हा खरा प्रश्न!" सुमन तणतणत खाली आली आणि राग माझ्यावर काढला.

नानांचं शास्त्र खडूफळ्याचं. कोणतं काम कुठल्याच यंत्राला कधीही जमणार नाही, ते सिद्ध करायचं. आधी धुळ्याला, मग इथे, सगळी नोकरी या नकारात गेली आणि तीही मोठ्या आनंदात. "शक्य नाही!" म्हणताना त्यांचा चेहरा असा फुलतो की समोरच्याला वाटावं, याला लॉटरी लागली.

मागच्या थंडीत आम्ही शेतावर भरीत पार्टी केली. वांगी भाजायचं काम नानांकडे दिलं, ही आमची चूक. कपाशीच्या वाळलेल्या कमीत कमी पऱ्हाट्यांत सगळी वांगी भाजायची तर कुठलं आधी टाकावं, यावर त्यांनी विहिरीच्या कठड्यावर खडूनं गणित मांडलं. आम्ही नुसत्या पुऱ्या आणि कांद्याची पात खात बसलो. उन्हं कलली तेव्हा नाना नाचतच आले. "सगळ्यात चांगला क्रम झटपट शोधणं भलतं अवघड शे!"

"मग आता?"

"आता काय, टाका बठ्ठी, सगळीच्या सगळी एकदम."

एरवी त्यांचं विचार करणं चालतं ते एका सागवानी खुर्चीत. रुंद हात, पाठ झिजून गुळगुळीत. त्या खुर्चीत दुसऱ्यानं बसायचं नाही. मी एकदा टेकलो तर हाताला धरून उठवलं. "ही खुर्ची नाही, प्रयोगशाळा आहे माझी."

नानांना त्यांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कांनी वाढवलं. आई लवकर गेली. अक्का सासरी दोंडाईच्याला, पण दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या लेकींसारख्या माहेरी यायच्या, गावच्या निंबाला झोका बांधून गाणी म्हणायच्या. मागून झोका द्यायचा मान नानांचा. यंदा रस्त्याच्या कामात तो निंब गेला. नानांनी फोन केला तेव्हा मी तिथेच होतो.

"निंब गया, झोका गया," अक्का म्हणाल्या. "आते काय आखाजी! त्यात मना गुडघा दुखस. यंदा नही रे, दिगू."

नानांनी फोन ठेवला. मग तडक खाली आले, आमच्या अंगणातला निंब न्याहाळला आणि आमच्याच भिंतीवर खडू चालवला. फांदी भक्कम होती, पण गुडघा दुखणाऱ्या बाईला झोक्याच्या अरुंद पाटावर बसता येणार नव्हतं, उठताही येणार नव्हतं.

"शक्य नाही," ते म्हणाले. "सिद्ध झालं." या वेळी चेहरा फुलला नाही. मला फार वाईट वाटलं.

आखाजीच्या सकाळी अंगणात खाटखुट ऐकून बाहेर आलो, तर निंबाला झोका. पाटाच्या जागी ती सागवानी खुर्ची. चारही पाय करवतीनं कापलेले, दोर हातांखालून आवळलेला. नानांच्या अंगभर भुसा.

"अक्काला काल फोनवर एवढंच सांगितलं, झोका बांधेल शे, तू ये," ते म्हणाले आणि स्टेशनवर पळाले.

अक्का आल्या. खुर्ची ओळखली. कापलेल्या पायांवरून हात फिरवला. "येडा शे तू," म्हणाल्या आणि ऐटीत टेकून बसल्या. सुमननं गाणं धरलं, अक्कांनी ते वरच्या पट्टीत नेलं. नाना मागून झोका देत होते.

"नाना," मी डिवचलं, "तुम्ही तर सिद्ध केलं होतं, शक्य नाही म्हणून."

"सिद्धता बरोबर होती," ते म्हणाले. "एक गोष्ट उगाच गृहीत धरली होती. खुर्ची मला लागते म्हणून."

"दिगू!" वरून अक्का ओरडल्या. "बोलस काय? जोरमा ढकल!"