हिरव्या शेपटीची वाट

बोईसरच्या बाजारात मधुकाकांनी नेलपेंट घेतलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. दुकानातल्या बाईंनी कौतुकानं विचारलं, "नातीसाठी का?"

"नाय, शेपटीसाठी. पाण्यात रंग जायला नको. हिरवं द्या, लाल घरात हाय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

मधुकाका म्हणजे आमचे बेटेगावचे घरमालक. पालघरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत मदतनीस होते. तिथल्या सरांना शेतातल्या उंदरांचा नाद. सर बदलून गेले, नाद काकांकडे राहिला. गावातले लोक उंदरांना औषध ठेवतात. हे पिंजऱ्यात सुक्या बोंबलाचा तुकडा लावतात, सापडलेल्याच्या शेपटीला रंग फासतात आणि जिथल्या तिथं सोडून देतात. घरामागच्या बांधावरचे लाल, ओहोळापलीकडचे हिरवे. गाव म्हणतं, मधूनं गणपतीच्या गाड्यांचं गॅरेज काढलंय!

मी कराडहून कारखान्यात नोकरीला आलो, खोली शोधत त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी ना नाव विचारलं, ना पगार.

"कुठल्या बांधाचे तुमी?"

"कराडकडचा."

"म्हंजे लांबनं आलात! बरं झालं. राहा."

एवढ्यावर खोली मिळाली.

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारतात. एका लग्नात नवरदेवाच्या वडिलांना भर पंगतीत विचारलं, "ओहोळ ओलांडून आलात, का इथलेच?" शेवटी मुलीच्या मामानं त्यांना जिलबीच्या निमित्तानं उठवून नेलं.

रात्रपाळी करून मी पहाट उलटताना परत यायचो. भातकापणी झालेली, शेतावर धुकं उतरलेलं, पेंढ्याचा ओला वास. त्या धुक्यात काका बांधावर उकिडवे बसलेले असत. मीही शेजारी टेकायचो. झोप डोळ्यांवर, काकांचा आवाज कानात, आणि आपण जागे आहोत का नाही याचाच पत्ता नसे.

"दोन-चार वरसं नुसते वाढतात बघ," ते हळू आवाजात सांगत. "मग एका वरसाला जातात कुठं, कळत नाय. उंचवट्यावर चार-पाच उरतात. परत सारं शेत त्यांच्यावरच भरतं. सगळे एकाच आजीचे! रक्त तेच तेच. सर शेपटीचा तुकडा तपासून सांगायचे, ते कुणाचे कोण. आमच्याकडं यंत्र नाय, नेलपेंट हाय. पण एक सांगतो, बाहेरनं एक आला ना, एकच, तरी वंश तरतो."

तो एक ओहोळ ओलांडून येतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं. तीन वर्षं ते लाल बांधावर हिरव्या शेपटीची वाट बघत होते. त्यात मागचं वर्ष उंदीर नाहीसे होण्याचं निघालं. पिंजरे रिकामे निघू लागले. बोंबील तसाच परत यायचा आणि मांजर तेवढं गुबगुबीत झालं. काकांचं बोलणंच आटलं. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

त्याच सुमारास आम्हाला पालघरला फ्लॅट मिळाला. सविता, माझी बायको, म्हणाली, "पेढे न्या, तोंड गोड करा आणि खोली सोडतोय म्हणून सांगून टाका." मी तीन दिवस पुडा घेऊन ओटीवर नुसत्या येरझाऱ्या घातल्या. चौथ्या दिवशी सकाळी हिय्या करून आत शिरलो.

काका घरात नव्हते. भिंतीवर त्यांचा नकाशा होता, जुन्या कॅलेंडरांच्या पाठी चिकटवून केलेला. मला वाटायचं, त्यात नुसती बिळं असतील. आज जवळ जाऊन पाहिलं, तर बांध संपले तिथून आमची आळी सुरू होत होती. घराघरावर बारीक अक्षर. 'पोरं मुंबईला. बंद.' 'म्हातारी गेली. बंद.' काकांच्या स्वतःच्या घरावर, 'पोरगी ऑस्ट्रेलियाला. एक शिल्लक.'

आणि मागच्या आमच्या खोलीवर हिरव्या नेलपेंटचा ठिपका. शेजारी लिहिलेलं, 'लांबनं आला. राहिला.'

हातातला पुडा एकदम जड झाला.

"अरे, ये! लवकर ये!"

काकांची हाक ऐकून मी मागच्या दारातून धावलो. धुक्यातून काका येत होते, पिंजरा पोटाशी धरलेला, धोतर ओहोळाच्या चिखलानं माखलेलं. पिंजऱ्यात मुठीएवढा उंदीर, आणि त्याची शेपटी हिरवी!

"आला रे! पलीकडचा आला! आपल्या बांधावर आला!" त्यांचे डोळे भरून वाहत होते. उंदराला म्हणाले, "भिऊ नको बाबा, तुझंच घर हाय." मग माझ्याकडे वळले. "तू काय सांगायला आलेलास? नि पुडा कसला?"

"पेढे आहेत, काका."

"कसले?"

मी त्या शेपटीकडे पाहिलं. सविताला काय सांगायचं ते मागाहून बघू.

"याचेच की. आला म्हणून."

काकांनी पुड्याची दोरी सोडली. पहिला पेढा पिंजऱ्यात सारला, दुसरा माझ्या हातावर ठेवला.

"खावा," ते म्हणाले. "दोघं पण खावा."